दहा मासे

दुकानदाराने काचेच्या काउंटरवर दोन काडतुसं शेजारीशेजारी उभी केली. उंचीला दोन्ही सारखीच, सव्वादोन इंच. एक करंगळीएवढं बारीक, दुसरं चांगलं अंगठ्याएवढं. बारक्याच्या डोक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "तुम्हाला हे बरं पडेल. बायका आणि शाळकरी मुलं हेच नेतात."

झालं. त्या एका वाक्याने माझा निर्णय लागला. मी जाडं काडतूस उचललं आणि म्हटलं, "हे."

आम्ही मूळचे संगमेश्वरकडचे. आमच्याकडे माणसाला डिवचलं की तो पदरचं नुकसान करून घेईल, पण मागे फिरणार नाही. त्या दिवशी मी जे घेतलं ते .४५० बुशमास्टर, आणि जे नाकारलं ते .३५० लेजंड. पुढचे आठ महिने त्या नुकसानीचा हिशेब माझा उजवा खांदा लिहीत होता.

ओहायोत येऊन मला एकोणीस वर्षं झाली. शेवटची पाच कोलंबसच्या बाहेर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांना लागून असलेल्या घरात. इथे हरणं म्हणजे पांढऱ्या शेपटीची व्हाइटटेल. आपल्या चितळासारखी ठिपकेदार देखणी नाहीत, मातकट रंगाची, पळताना शेपटी उभारून पांढरं निशाण दाखवणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यात नावालाही हरीण उरलं नव्हतं असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. १९४३ मध्ये तीन काउंट्यांपुरती, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या तीन विभागांपुरती, शिकार पुन्हा सुरू झाली, आता अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी काउंट्यांत हरणं आहेत, आणि दरवर्षी हजारो गाड्यांवर ती येऊन आदळतात. त्यातली एक गाडी माझी होती. बॉनेट गेलं, ते दुरुस्त झालं. पण ती मादी रस्त्याकडेच्या चरात पडून बराच वेळ पाय झाडत होती आणि माझ्या हातात फोनशिवाय काही नव्हतं. पोलीस येईपर्यंतची ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही. शिकारीकडे वळण्याचं हे एकच कारण नव्हतं, पण कुणी विचारलं तर मी हेच सांगते, कारण दुसरं कारण, म्हणजे मला मटण आवडतं हे, मंडळाच्या हळदीकुंकवात सांगण्यासारखं नाही.

मंडळात बातमी फुटलीच. "अगं, तू? बंदूक?" यापलीकडे बायका गेल्या नाहीत, पुरुषांनी मात्र सल्ले दिले. एकाला वाटत होतं की ग्रीनकार्ड असल्याशिवाय हात लावला तरी उचलून नेतात. तसं नाही. एच-वनसारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण त्याच कायद्यात वैध शिकार परवाना असलेल्याला सूट आहे. माझ्याकडे ग्रीनकार्ड होतं, त्यामुळे मला त्या पळवाटेची गरज पडली नाही. शिकारीचं शिक्षण देणारा कोर्स केला, परवाना काढला, हरणाचं वेगळं परमिट काढलं, आणि ज्यांच्या जमिनीवर बसायचं त्या शेजाऱ्यांकडून लेखी परवानगी घेतली. लेखी हं. इथे तोंडी 'ये की' चालत नाही.

शेजारी म्हणजे ऐंशीला टेकलेले एक शेतकरी. त्यांचं नाव इथे देत नाही, मी मनात त्यांना तात्या म्हणते. इंग्रजीत अहो-जाहो नाही, पण ते बोलले की माझ्या कानाला "पोरी" असंच ऐकू येतं.

आता काडतुसाची गोष्ट. ओहायोत हरणासाठी वाटेल ती रायफल चालत नाही, आणि कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या जाडीचा, विचार तिथूनच सुरू होतो. २०१४ पर्यंत इथे लांब बंदुकांमध्ये शॉटगन आणि ठासणीच्या बंदुकाच चालायच्या. प्रदेश सपाट, घरं विखुरलेली. पलीकडच्या राज्यांत लोक सर्रास वापरतात त्या .३०-०६ किंवा .३०८ ची गोळी चुकली आणि वर गेली तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. ती काडतुसं सुरईसारखी असतात: पोट मोठं, गळा आवळलेला. पोटात दारू जास्त, पुढे गोळी बारीक, म्हणून वेग प्रचंड. २०१४ पासून राज्याने सरळ भिंतीच्या काडतुसांना परवानगी दिली, म्हणजे पेनाच्या टोपणासारखी, गळा नसलेली. व्यास .३५७ ते .५० इंच. ही गोळी जाडी आणि तुलनेने सावकाश, लांब गेली की लवकर दमते. सरकारने वेगावर, अंतरावर काही लिहिलं नाही, नुसता काडतुसाचा घाट ठरवून दिला आणि काम भागवलं. मला हे फार हुशारीचं वाटतं.

अशा नियमांची राज्यं आणखीही आहेत. त्यांच्यासाठीच एका कंपनीने २०१९ मध्ये .३५० लेजंड काढलं. गंमत अशी की त्याची गोळी .३५० नाहीच, .३५७ आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, पण उलट्या बाजूने. या धंद्यात आकडा म्हणजे मोजमाप असेल याची खात्री नाही. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे दारूचं वजन, तीस ग्रेन. .४५-७० मधले सत्तर म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन. आणि बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा लहान. नवख्याला वेड लागेल नाही तर काय.

ग्रेनशी माझं मात्र जमलं, कारण आजीच्या पेटीत सोनाराचा काटा होता. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा नक्की केला तो १८० ग्रेनचा. बारा मासे म्हणजे तोळा, म्हणून मासा झाला १५ ग्रेनचा. .३०-०६ ची १८० ग्रेनची जुनी प्रसिद्ध गोळी म्हणजे बरोबर एक तोळा. लेजंडची १५० ग्रेनची गोळी म्हणजे दहा मासे. आणि मी हट्टाने घेतलेली बुशमास्टरची २५० ग्रेनची गोळी म्हणजे तोळाभर आणि वर जवळजवळ पावणेपाच मासे. पाटल्या घडवायला निघाल्यासारखं वजन, सेकंदाला पावणेसातशे मीटर वेगाने. ते पुढे जितक्या जोरात जातं त्याचा हिशेब मागे खांद्यावर चुकता होतो. माझी रायफल हलकी, एकनळी, बारा बोअरसारखी मधून मोडून उघडणारी, त्यामुळे धक्का खायला बंदुकीचं वजनही मदतीला नाही.

.४५० हा आकडा मला आणखी एका कारणाने ओळखीचा होता. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या (इथे बोअर म्हणजे नळीचा व्यास, इंचांत) बंदुका आणि काडतुसं आणायला बंदी घातली, कारण बंडखोरांच्या हातातल्या जुन्या लष्करी रायफलींनाही तोच बोअर लागायचा. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी काय केलं, तर .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसं काढली. वाघ तोच, हत्ती तोच, शिकारी साहेब तोच, फक्त आकडा सरकला. आपल्याकडच्या .३१५ रायफलीची गोष्टही त्याच जातीची: लष्कराचा .३०३ नागरिकांना बंद, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा बोअर. आजही ईशापूरच्या कारखान्यातून .३१५ ची स्पोर्टिंग रायफल निघते. तेव्हा ओहायोने घाट ठरवला यात मला काही नवल वाटलं नाही. बोअर आवडीने निवडायची चैन फार थोड्यांना मिळालेली आहे.

माझ्या आजोबांना तर मुळीच नाही. आबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती चौकीत जमा करायची आणि निकालानंतर आणायची, त्या मधल्या दिवसांत डुकरं वरीच्या आणि भाताच्या वाफ्यांत धुडगूस घालायची. तिच्या नळीचा व्यास किती, हे आबांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी आपला अंगठा तोंडाला लावून दाखवला असता. दारू किती, तर गज आत घातल्यावर नळीच्या तोंडाबाहेर जेवढा जास्त राहील तेवढी बोटं. "भेकराला तीन, डुकराला चार," असं आई अजून सांगते. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आबांचं भेकर संपलं. बंदूक नंतर नुसते बार काढायला राहिली, डुकरं आणि माकडं पळवायला. मी पाहिली ती एवढीच. चुलीमागच्या भिंतीवर आडवी, काजळीने काळी.

तर बुशमास्टर घेऊन मी तात्यांकडे गेले. त्यांनी ती हातात घेतली, मोडली, नळीतून उजेडाकडे पाहिलं. आतले आटे चमकत होते. बंद केली आणि विचारलं, "किती लांबून मारणार आहेस?"

मी म्हटलं, "दोनशे यार्ड." खोक्याच्या मागच्या तक्त्यात दोनशेपर्यंतचे आकडे होते, म्हणून.

ते काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातून कागदी ताटल्यांची चळत आणली. वाढदिवसाला केक वाढतात त्या, नऊ इंची. हरणाच्या पुढच्या पायामागे काळीज आणि फुप्फुसं मिळून जेवढी जागा असते ती साधारण एवढीच. एक ताटली कुंपणाच्या खांबाला टाचली, आणि आम्ही दोनशे यार्ड मागे आलो. तिथून ती ताटली मला टिकलीसारखी दिसत होती. पाच गोळ्या मारल्या. ताटली कोरी. शंभरावरून पाचात एक, तीही कडेला. सत्तरावरून दोन. तोवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते थंडीमुळे आहे असं मी म्हणत होते.

मग तात्यांनी एक खेळ केला. "तू तिकडे बघ," म्हणाले, आणि बंदूक स्वतः भरून, बंद करून, टेकूवर ठेवून माझ्या हवाली केली. मी घोडा मागे ओढला, नेम धरला, चाप दाबला. धाडकन बार. पुन्हा त्यांनी भरली. पुन्हा बार. तिसऱ्यांदा मी चाप दाबला आणि नुसतं 'टक' झालं. नळीत उडवलेलं रिकामं काडतूस होतं. पण बंदूक गप्प असताना मी गप्प नव्हते. माझा खांदा पुढे गेला, डोळे मिटले, आणि नळीचं तोंड चांगलं वीतभर खाली झुकलं. बार झालाच नव्हता, तरी मी अंग चोरलं होतं. म्हणजे प्रत्येक गोळीच्या आधी मी हेच करत होते, आवाजाच्या आड झाकलं जात होतं एवढंच.

लाज वाटण्याची इतकी नेमकी वेळ आयुष्यात फार थोड्यांदा आली असेल. तात्या दूर सोयाबीनकडे बघत उभे राहिले. तो त्यांचा मोठेपणा.

रायफल बदलावी लागली नाही. या जातीच्या बंदुकीची नळी खिळ काढून बदलता येते. सांगाडा तोच ठेवून दुसऱ्या बोअरची नळी चढवायची. शिवाय अमेरिकी केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे नंबर कोरलेला सांगाडा, नळी म्हणजे नुसता सुटा भाग. त्यामुळे .३५० लेजंडची नळी कसल्याही तपासणीशिवाय पुठ्ठ्याच्या लांब खोक्यातून घरपोच आली. नवऱ्याला वाटलं पडद्याचा दांडा आला. त्याने तो बैठकीच्या खिडकीशी नेऊनही ठेवला.

मला त्या नळीच्या आतले आटे बघत बसायला आवडतं. गोळीला पीळ मिळावा म्हणून ते कोरलेले. लेजंडला सोळा इंचांत एक फेरा पुरतो. लांबुळक्या बारीक गोळ्यांना जास्त पीळ लागतो, आठ इंचांत एक वगैरे. आखूड जाड गोळीला थोडक्यात भागतं. नळीला डोळा लावून दिव्याकडे धरली की प्रकाशाचा एक रिबिनीसारखा मळसूत्री जिना दिसतो.

नव्या नळीने पहिल्या दिवशी सत्तर यार्डांवरून पाचात चार ताटलीत. धक्का बुशमास्टरच्या निम्म्याहूनही कमी. तात्यांनी रिकाम्या काडतुसाचा खेळ पुढे महिनाभर चालू ठेवला, आणि नळी खाली जायची हळूहळू थांबली. शंभरावरून पाचात पाच बसायला ऑक्टोबर उजाडला. त्या दिवशी त्यांनी नियम घालून दिला: कागदावर शंभर जमतं, म्हणजे हरणावर ऐंशी. थंडीने बोटं गारठलेली असतात, काळीज उडत असतं, आणि ताटली चालत नाही, हरीण चालतं.

नेमबाजीच्या मैदानावर एक जण भेटला. माझी करंगळीएवढी काडतुसं पाहून म्हणाला, "याने हरीण जखमी होऊन पळेल." त्याच्याकडे .४५-७० होती, १८७३ च्या लष्करी काडतुसाची. मी पाहिलं, त्याच्या ताटलीच्या आजूबाजूला लाकडाच्या ढलप्या निघाल्या होत्या आणि ताटली जवळजवळ शाबूत होती. मी काही बोलले नाही. मार्चमध्ये मीही असंच कुणाला तरी म्हटलं असतं. फुप्फुसांतून गेलेले दहा मासे पुरतात. पोटातून गेलेला दीड तोळा पुरत नाही. पोटात लागलेलं हरीण रात्रभर जगतं. कोर्समध्ये रक्ताचे रंग शिकवतात: गुलाबी आणि फेसाळ म्हणजे फुप्फुस, काळपट म्हणजे यकृत, हिरवट आणि वास येणारं म्हणजे पोट, आणि पोट असेल तर लगेच मागावर जायचं नाही, तासन्‌तास थांबायचं. ते पान वाचताना मला चरात पडलेली ती मादी आठवत होती.

ओहायोतला बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या, सोमवारी सुरू होतो, आठवडाभर. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून मुभा. मी अंगात झगझगीत नारिंगी जाकीट घालून, ते सक्तीचं आहे, तात्यांच्या रानाच्या कडेला एका ओकच्या बुंध्याशी बसले. पहिल्या दिवशी आठच्या सुमारास मक्याच्या खुंटांपलीकडे एक नर निघाला. शिंगं अशी की मैदानावरच्या त्या गृहस्थाने झोप गमावली असती. मी अंतर मोजलं: एकशे नव्वद. शंभरावर नेम जुळवलेल्या लेजंडची गोळी दोनशेपर्यंत आठेक इंच खाली येते, ते गणित मला येत होतं. पण त्याला माझा नियम तोडावा लागला असता. तो दहा मिनिटं चरला आणि गेला. ते गेलेलं मला दुपारपर्यंत बोचत होतं, खोटं कशाला सांगू.

बुधवारी पहाटे गवतावर मिठासारखं दव गोठलेलं. दोन माद्या ओढ्यातून वर आल्या. पुढची थांबली, कान माझ्याकडे वळवले. सत्तर. मी अंगठ्याने घोडा मागे घेतला, त्याचा 'खट' मला देवळाच्या घंटेएवढा वाटला. माशी, म्हणजे नेम धरायचा दाणा, खांद्यामागच्या घडीवर आणली, दुर्बिणीत हल्ली माशी नसते, फुली असते, पण आबांचा शब्द जिभेवर बसला आहे. श्वास अर्धा सोडला. बार कधी झाला ते मला कळलं नाही. असंच हवं असतं, असं तात्या म्हणायचे.

ती शेपटी खाली दाबून पळाली. मी अर्धा तास घड्याळाकडे पाहत बसले. मग उठून गेले. गोठलेल्या पानांवर गुलाबी फेस, साबणाच्या बुडबुड्यांसारखा. साठ पावलांवर ती एका पडलेल्या फांदीमागे होती, आणि केव्हाची शांत झाली होती. मी हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवला. अजून ऊब होती. थोडा वेळ तिथेच बसले.

पुढचं सगळं कामाचं: टॅग लावणं, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत राज्याला कळवायचं ते त्याच दिवशी कळवणं, तात्यांच्या मार्गदर्शनाखाली कोठा काढणं, ज्याला चार तास लागले आणि ज्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. यकृत त्याच रात्री केलं, कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटण आणि वरून कोकम. एक वाटा तात्यांना. त्यांनी वाटण बाजूला सारून नुसतं मांस खाल्लं आणि पाणी मात्र तीन ग्लास प्यायले. बोलता बोलता कळलं, त्यांनी स्वतः साठ वर्षं एकाच बारा बोअरने शिकार केली आहे, आणि पन्नास यार्डांपलीकडे कधी बार टाकलेला नाही.

बुशमास्टरच्या शेवटच्या खोक्यात अजून अकरा काडतुसं आहेत. कुलपाच्या कपाटात, जुन्या नळीशेजारी. विकून टाक, नवरा म्हणतो. टाकेन.

रविवारी आईला फोन केला. भीत भीतच सांगितलं. पलीकडे क्षणभर काही आवाज नाही, मला वाटलं आता देवाधर्माचं निघणार.

"काय गो," ती म्हणाली, "केवढ्यावरून मारलंस?"

"सत्तर यार्ड. म्हणजे सत्तरेक पावलं धर."

"लांब झालं," आई म्हणाली. "आबा तीसवर येऊ द्यायचे."